पाहण्याचे व्हिडिओ मी ऐकते

बोरिवली, मुंबई

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी एकेक प्रश्न विचारलात आणि मी दोन्हींची अर्धवट उत्तरे देऊन फोन ठेवला, म्हणून आज सविस्तर लिहीत आहे. आईचा प्रश्न असा की, सकाळ-संध्याकाळ कानांत बोंडे घालून हिंडल्याने कान जाणार नाहीत का. आणि बाबांनी मागून मोठ्याने विचारलेला प्रश्न असा की, व्हिडिओ ही बघायची वस्तू असताना मी तो ऐकते म्हणजे नेमके काय करते.

कानांचे आधी सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाने आठवड्याला ४० तास, ८० डेसिबलपर्यंतच्या पातळीवर ऐकले तर ते सुरक्षित धरले जाते. माझे ऐकणे आठवड्याला दहा-बारा तासांच्या वर जात नाही, आणि इअरफोनच्या रबरी टोपणांमुळे गाडीचा खडखडाट बराचसा बाहेरच राहत असल्याने आवाज मोठा करावा लागत नाही. त्या खडखडाटावर मात करण्यासाठी आवाज चढवत गेले, तर मात्र आईची भीती खरी ठरेल.

आता बाबांचा प्रश्न. बोरिवलीहून चर्चगेटला जाणाऱ्या आठच्या सुमाराच्या फास्ट गाडीत, बायकांच्या डब्यातसुद्धा, एक हात कडीला आणि दुसरा पोटाशी धरलेल्या पिशवीत गुंतलेला असतो. मोबाइल डोळ्यांसमोर धरायचाच म्हटला तर तो पुढच्या बाईच्या अंबाड्यावर टेकवावा लागेल. म्हणून मी गाण्याचे रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळे आवाज एकत्र नीट बसवणे, शिकवणारे व्हिडिओ लावते, स्क्रीन बंद करते आणि फोन पिशवीत टाकते. यूट्यूबची महिन्याची वर्गणी भरली की स्क्रीन बंद असतानाही आवाज चालू राहतो; या शिक्षणाचा माझा खर्च तेवढाच.

सुरुवातीला फार चिडचिड झाली. शिकवणारा माणूस “आता हे बघा, हे इथून एवढे खाली ओढले की लगेच फरक पडतो” असे म्हणतो, तेव्हा काय ओढले, कुठून ओढले आणि किती ओढले हे सगळे चित्रात राहते आणि माझ्या वाट्याला माउसची नुसती टिचकी येते. अशा मंडळींना मी एकेक करून सोडून दिले. जे आकडा तोंडाने सांगतात आणि त्यामागचे कारणही सांगतात तेवढेच उरले, आणि माझ्या मते शिकवता येते ते त्यांनाच.

त्यानंतर जे झाले त्याची मला कल्पना नव्हती. आपल्या जुन्या टेपरेकॉर्डरला बास आणि ट्रेबल अशी दोन बटणे होती; इक्वलायझर हा त्यांचाच थोरला भाऊ, खर्जापासून तारेपर्यंतचा हवा तो पट्टा वेगळा उचलणारा किंवा दाबणारा. धड्यात आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही आवाज वाजवून दाखवतात. समोर स्क्रीन असली की रेषा कुठे वाकली ते दिसते आणि कान निवांत बसून राहतो. फोन पिशवीत असला की मला आधी अंदाज बांधावाच लागतो: २५० हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपने; आकडा मोठा तितका स्वर उंच) आसपास कमी केले असावे, किंवा ३,०००ला उचलले असावे. मग तो आकडा सांगतो. पहिले दोन महिने माझा अंदाज जवळजवळ रोज चुकत होता; आता चारांतले दोन-तीन बरोबर निघतात. बाबा, तुम्ही पखवाज असाच शिकलात ना? बुवा तोंडाने “तिट कत गदि गन” म्हणायचे आणि तुम्ही ते मांडीवर वाजवून दाखवायचे. वही कोणाकडेच नव्हती.

एक धडा तर तुम्हाला सांगितल्यावाचून राहवत नाही. जुन्या टेलिफोनच्या तारेवरून साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच आवाज जात असे, आणि पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर बहुधा त्याच्याही खाली असतो. म्हणजे बाबा गावाहून परळच्या चाळीत वाण्याच्या फोनवर बोलत असत, तेव्हा त्यांच्या आवाजाचा खर्ज आमच्यापर्यंत पोहोचतच नव्हता. वरच्या स्वरांवरून तो आमचे कान आपणहून भरून काढत होते.

आता कबुली. गेल्या गणपतीत ओटीवर मोबाइल ठेवून मी तुमच्या भजनाचे रेकॉर्डिंग केले होते आणि ते सुधारून पाठवते असे म्हणून वर्ष घालवले, त्याचे कारण असे. कुठे लहान, कुठे मोठा येणारा आवाज सारखा करण्यासाठी मी त्याला कंप्रेसर लावला. रेडिओवर गाणे अचानक चढले की आई उठून बटण खाली करायची, तेच काम हे साधन करते: ठरवलेल्या पातळीच्या वर आवाज ४ डेसिबल चढला तर १ डेसिबलच बाहेर सोडते. स्क्रीनवर सगळे छान भरीव दिसत होते, म्हणून मी समाधानाने झोपले. दुसऱ्या दिवशी तेच गाडीत ऐकले. अंधेरीला गाडी थांबली, पंख्यांची घरघर तेवढी उरली, आणि लक्षात आले की टाळ पडला की बाबांचा आवाज विहिरीत बुडतो आहे. मोबाइल टाळकऱ्यांच्या जवळ होता, त्यामुळे साधन दाबत होते टाळाला, पण एकाच रेकॉर्डिंगमध्ये असल्याने बाबाही त्याच्याबरोबर दाबले जात होते. दाबलेला आवाज सुटून पुन्हा वर यायला मी ४०० मिलिसेकंद दिले होते आणि द्रुत लयीत त्याआधीच पुढचा टाळ पडत होता. तो वेळ कमी केला, ५,००० हर्ट्झच्या वरचा पट्टा थोडा उतरवला, तेव्हा जरा बरे झाले. पण एकत्र मुरलेले वेगळे काढणे मला जमलेले नाही.

म्हणून या गणपतीला मी दोन रेकॉर्डर घेऊन येते. एक बाबांच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर आणि दुसरा पखवाजाच्या डाव्या अंगाला ठेवायचा, आणि टाळकऱ्यांना तुम्ही आधीच समजावून पडवीत बसवायचे. ते रुसले तर चहा मी करीन. आईने पखवाजाला कणीक लावून झाल्यावर पितळेचे ताट मात्र लगेच आत न्यावे. गेल्या वर्षी ते ओटीवरच राहिले होते, आणि प्रत्येक ‘धा’ला त्याची जी झणझण उमटली आहे ती अजून माझ्याने निघालेली नाही.

तुमची,
सुजाता