वेताळ टेकडीला सावली नको, क्रमांक द्या

प्रति,
मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : पुण्याच्या वेताळ टेकडीवरील पायवाटांवर स्थाननिर्देशक क्रमांक लावण्याबाबत

महोदय,

मी कोथरूडला राहते आणि गेली नऊ वर्षं वेताळ टेकडीवर पळते. पंचवटीच्या अंगाने चढायचं, जुन्या खाणीला वळसा घालायचा, वेताळाच्या देवळाशी दोन मिनिटं दम खायचा, मग धारेने लॉ कॉलेजच्या बाजूला जाऊन परत फिरायचं. ही माझी रविवारची फेरी. समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंची, पायाखाली मुरूम आणि काळा पाषाण, आणि धारेवर आडोसा म्हणाल तर नाही.

मागच्या एप्रिलमध्ये आमच्यातला एक जण खाणीच्या पुढे कोसळला. पळायला पंधरा वर्षांचा सराव असलेला माणूस. सकाळचे पावणेनऊ वाजले होते. आधी तो असंबद्ध बोलायला लागला, आम्हाला वाटलं चेष्टा करतोय. मग पाय लटपटले. मी रुग्णवाहिकेसाठी फोन लावला. पलीकडच्या बाईंनी अगदी रास्त प्रश्न विचारला, "जवळची खूण सांगा." मी काय सांगणार? बाभळीचं झाड? तिथे शंभर बाभळी आहेत. "देवळाच्या पुढे" म्हणाले, तर देवळापासून चार वाटा फुटतात.

मोबाइलवरून ठिकाण पाठवता येतं की, असं आपल्याला कुणीतरी सांगेल. आम्हीही पाठवलं. नकाशाने आमच्यापासून सरळ रेषेत सर्वांत जवळचा रस्ता शोधला आणि गाडी टेकडीच्या पायथ्याशी, कड्याखाली जाऊन उभी राहिली. गाडीचा रस्ता वर येतो तो दुसऱ्या अंगाने. पस्तीस मिनिटं गेली. तोवर आम्ही सगळ्यांच्या बाटल्यांतलं उरलंसुरलं पाणी त्याच्या अंगावर ओतलं, दोघांनी टी-शर्ट काढून त्याच्या तोंडावर सावली धरली. तो वाचला. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की उष्माघातात शरीराचं तापमान 40 अंशांच्या वर जातं आणि पहिल्या अर्ध्या तासात ते खाली आणणं सर्वांत महत्त्वाचं असतं. आधी थंड करा, मग हलवा. आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. हाताशी होतं ते पाणी ओतलं, एवढंच.

आता मागणीकडे येते. ती छोटी आहे आणि छोटीच राहावी अशी विनंती आहे, कारण टेकडीसाठी काही मागितलं की पेव्हर ब्लॉक आणि छत्र्या मिळतात, हा पुणेकरांचा जुना अनुभव आहे. आम्हाला शेड नको. "ऊन लागतं ना, मग झाडं लावू" हेही नको. धारेवर मातीचा थर इतका पातळ आहे की तिथे मुळात गवतच वाढायचं. त्या गवतात जमिनीवर घरटी करणारे पक्षी राहतात. जी झाडं इथली आहेत, सालई, मोई, सोनसावर, ती उन्हाळ्यात पानं गाळून उभी असतात. त्यांचं शहाणपण आपण का मोडावं? आणि हौसेने लावलेला गिरिपुष्प तर फेब्रुवारी-मार्चमध्येच निष्पर्ण होऊन गुलाबी फुलतो. फोटोला छान, पण त्याच्याखाली उभं राहून घाम वाळत नाही.

मागणी अशी : मुख्य पायवाटांवर दर 200 मीटरला कंबरेएवढा दगडी खांब रोवावा. त्यावर एक अक्षर आणि एक आकडा, म्हणजे 'वे 14' किंवा 'खा 3', एवढंच रंगवावं. रेल्वेमार्गालगतच्या विजेच्या खांबांवर जसे क्रमांक असतात, तसेच. त्या क्रमांकांची यादी आणि प्रत्येक खांबापर्यंत गाडी कोणत्या बाजूने जवळ जाते हे 108 रुग्णवाहिका सेवेकडे आणि अग्निशमन दलाकडे द्यावं. वणव्याच्या दिवसांत आपल्या वनरक्षकांनाही याचा उपयोग होईल. "टेकडीवर धूर दिसतोय" यापेक्षा "वे 22 जवळ आग" हा निरोप बरा. जमलं तर मार्च ते जूनपर्यंत तीन-चार खांबांपाशी पाण्याचे माठ ठेवावेत. भरायची जबाबदारी आम्ही पळणारे वाटून घेऊ.

टेकडीची सगळी जमीन एकट्या वनखात्याची नाही, काही महापालिकेकडे आहे, हे ठाऊक आहे. म्हणून पत्राची प्रत आयुक्तांना पाठवत आहे. खांबांना दोन खात्यांचे दोन वेगळे क्रमांक मात्र मिळू नयेत, एवढं बघा. (टेकडीवरून नेण्याचं घाटत असलेल्या बालभारती–पौड फाटा रस्त्याबद्दल माझं मत विचाराल तर त्याला वेगळं पत्र लागेल, आणि ते इतकं सौम्य नसेल.)

खांब कुठे हवेत याची मोजणी आम्ही दोन रविवारी केली आहे. वाटांचा आराखडा सोबत जोडला आहे. मार्चच्या आत आपल्या खात्यातलं कुणी बरोबर फिरायला येणार असेल तर सकाळी सहाला पंचवटीच्या पायथ्याशी भेटू. पळायची सक्ती नाही, पण टोपी आणि दोन लिटर पाणी आणावं.

आपली,
कोथरूडची एक रहिवासी