सुटकेनंतर तो कुठे राहणार? गृहमंत्र्यांना खान्देशातून खुले पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

लैंगिक गुन्ह्याची शिक्षा भोगून नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहातून सुटलेला माणूस दिवस मावळायच्या आत यावलला किंवा शिरपूरला पोहोचतो. तो कुठे राहणार, कोणाच्या शेतावर जाणार, पीडितेचं घर त्याच्या दारापासून किती पावलांवर आहे, हे त्याआधी कुणीतरी विचारायला हवं. देशभरातल्या पोलिसी नोंदींत बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. खेड्यात ओळखीचा म्हणजे बहुधा एकाच गल्लीतला, एकाच हातपंपावरचा. २०१८ पासून अशा गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद पोलिसांकडे आहे. शोध घ्यायला ती बरी, पण गुन्हा पुन्हा घडू नये याचं काम ती करत नाही.

तुरुंगात समुपदेशन सुरू करा, ही मागणी सोपी. कसलं समुपदेशन, हा खरा प्रश्न. इंग्लंड-वेल्समध्ये १९९२ पासून एक मोठा गटकार्यक्रम चालला. २०१७ मध्ये त्याचं मूल्यमापन आलं, तेव्हा कार्यक्रम घेतलेल्यांपैकी १० टक्क्यांनी पुन्हा लैंगिक गुन्हा केलेला होता आणि तशाच पण कार्यक्रम न घेतलेल्या कैद्यांपैकी ८ टक्क्यांनी. कार्यक्रम बंद झाला. दुसरीकडे श्मुकर आणि लोसेल या संशोधकांनी २०१५ मध्ये अनेक देशांतले अभ्यास एकत्र तपासले, त्यात हे प्रमाण उपचार घेतलेल्यांत १०.१ आणि न घेतलेल्यांत १३.७ टक्के होतं. म्हणजे उपचाराने फरक पडतो, पण थोडा. आणि रचना चुकली तर नुकसानही होतं.

कैद्याकडून गुन्ह्याची हकिकत पुन्हापुन्हा वदवून घ्यायची आणि त्याच्या मनात पीडितेबद्दल कळवळा जागवायचा, हे ऐकायला योग्यच वाटतं. पण गुन्हा नाकारणं किंवा कळवळा नसणं, यांचा गुन्हा पुन्हा घडण्याशी संशोधनात फारसा संबंध सापडत नाही. संबंध सापडतो तो डोक्यात सतत घोळणाऱ्या लैंगिक विचारांशी, मुलांविषयीच्या आकर्षणाशी, उतावळेपणाशी, नियम मोडायच्या सवयीशी. काम त्यांच्यावर व्हायला हवं. शिवाय पॉक्सोच्या कलम १९ नुसार, मुलावर झालेला न नोंदलेला लैंगिक गुन्हा कानावर आला तर मानसशास्त्रज्ञालाही तो कळवावाच लागतो. ही मर्यादा कैद्याला पहिल्याच दिवशी, त्याच्या बोलीत सांगावी. कच्च्या कैद्यांना तर खटला चालू असताना गुन्ह्यावर बोलतं करूच नये. व्यसन, राग, झोप, एवढंच काम त्यांच्याशी करता येतं.

पुनरावृत्ती रोखण्याची पद्धत मुळात दारूच्या व्यसनासाठी तयार झाली. तिचं म्हणणं असं, की गुन्ह्याआधी बारीकसारीक निर्णयांची माळ असते आणि तिचा एकेक मणी निरुपद्रवी दिसतो. समजा, कापूस वेचणीचे दिवस आहेत. मजुरीवरून मुकादमाशी वाजलं. दोन दिवस कामावर गेला नाही, संध्याकाळी घेतली. तिसऱ्या दिवशी कंबर दुखते म्हणून दुपारी गल्लीतच थांबला. मोठी माणसं शेतात, पोरं घरी. आता त्याला थांबवणं फार अवघड. मुकादमाशी वाजलं त्या संध्याकाळी एका फोनवर जमलं असतं. म्हणून प्रत्येकाची माळ त्याच्याकडूनच काढून घ्यायची आणि प्रत्येक मण्यासमोर कृती लिहायची: कोणाला सांगायचं, कुठे जायचं, कुठे थांबायचं नाही. लिहिता येत नसेल तर चित्रं काढायची. इथे एक धोका असतो. एकदा पाय घसरला की ‘आता गेलंच सगळं’ असं वाटून माणूस हात सोडतो. दारू घेतल्याचं त्याने स्वतःहून सांगितलं तर ते ऐकून घ्यावं; त्यावरून त्याला झोडपलं तर पुढच्या वेळी तो लपवेल.

नुसतं ‘हे टाळ, ते टाळ’ मात्र पुरत नाही. कॅलिफोर्नियात याच पद्धतीची काटेकोर चाचणी झाली आणि २००५ च्या निष्कर्षांत एकूण फरक दिसला नाही. टाळलेल्या वेळेत भरायला काम आणि माणसं लागतात.

आमचा प्रस्ताव असा. नाशिकरोडला खान्देशातल्या पक्क्या कैद्यांचा आठ-दहा जणांचा गट करावा. सुटकेआधी नऊ महिने, आठवड्यातून दोन बैठका, प्रत्येकी दोन तास. कमी जोखमीच्या कैद्याला जास्त जोखमीच्यांत बसवू नये, तो बिघडतो. निवडीसाठी स्टॅटिक-९९ ही पुन्हा गुन्हा करण्याची जोखीम मोजणारी दहा मुद्द्यांची यादी कागदपत्रांवरून भरता येते. पण तिची टक्केवारी परदेशी कैद्यांवर बेतलेली आहे, इथे ती फक्त क्रम लावायला वापरावी. गटाचं नाव ‘सुटकापूर्व वर्ग’ ठेवावं. लैंगिक गुन्ह्याचा गट म्हणून बोभाटा झाला तर बॅरेकमध्ये मार बसतो आणि हजेरी संपते. भाषा अहिराणी, सातपुड्यातल्यांसाठी पावरी किंवा भिली. प्रमाण मराठीत विचारलं की ‘हो साहेब’ एवढंच उत्तर येतं, आणि दारात शिपाई उभा असेल तर तेवढंही नाही.

बाहेर आल्यावर कॅनडातल्या हॅमिल्टनला १९९४ मध्ये सुरू झालेली रीत उपयोगी पडेल: एका माणसाभोवती चार-पाच स्वयंसेवक. निवृत्त शिक्षक, कामावर ठेवणारा शेतकरी, भजनी मंडळातला कुणी चालेल. पीडितेचे नातलग किंवा निवडणुकीला उभे राहणारे नकोत, आणि आशाताईंवर हेही ओझं टाकू नका. पहिले तीन महिने दर आठवड्याला भेट, मग पंधरवड्याला. दिवाळीनंतर तो ऊसतोडीला गुजरातेत गेला तर फोन चालू राहावा आणि टोळीत सोबत कोण आहे ते कळावं. पीडितेच्या घरी सुटकेची तारीख महिनाभर आधी कळवावी. माफीनाम्याची गाठभेट मुळीच घडवू नये.

निरीक्षणगृहातल्या मुलांना हा कार्यक्रम लावू नका. त्यांच्यात पुनरावृत्ती कमी असते आणि काम घरच्यांना सोबत घेऊन करावं लागतं.

कारागृहं आपल्या खात्याकडे, परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) महिला व बालविकासकडे. फाइल या दोहोंच्या मधे अडकते, म्हणून दोन्ही खात्यांचा एकत्रित शासन निर्णय हवा. सुरुवातीला दोन मानसशास्त्रज्ञ, एक परिवीक्षा अधिकारी, बोली जाणणारा एक दुभाषा एवढी माणसं पुरेत. त्यांना अकरा महिन्यांच्या करारावर घेऊ नका. गट नऊ महिन्यांचा, पुढचं वर्ष पाठपुराव्याचं. मधेच माणूस बदलला की कैदी पुन्हा ‘हो साहेब’वर येतो.

आपले,
जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत मानसशास्त्र आणि परिवीक्षेचं काम करणारे काही जण