वही उघडून दाखवलीत, काका

आदरणीय काका,

परवा सिन्नरहून एसटीने येताना तुमच्या नर्सरीचं हिरवं शेडनेट दिसलं आणि डोळे भरून आले. शेजारची बाई विचारत राहिली, काय झालं म्हणून. तिला सांगता आलं नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

जुलै २०२३. टोमॅटोचं वीस किलोंचं कॅरेट दोन हजारांच्या वर गेलेलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत लाल कांद्याने आम्हाला पार झोपवलं होतं. तोही मी सगळ्यांनी लावला म्हणूनच लावला होता. क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर झालं, पण त्याने खड्डा थोडाच भरतो? तो टोमॅटोवर भरून काढायचा, असं मी मनाशी पक्कं केलं. दीर म्हणाले, "अख्खा गाव येडा आहे का?" खताच्या दुकानदाराने दोन एकरांचा, वाफ्यावर अंथरायचा प्लॅस्टिकचा मल्चिंग पेपर उधारीवर द्यायची तयारी दाखवली. विहिरीला पाणी किती, हे मात्र त्याने विचारलं नाही. कांद्याच्या वेळी ज्यांनी भरीला घातलं, त्यांच्यापैकीही कोणी विचारलं नाही.

तुम्ही विचारलंत. मी १२ हजार रोपांची आगाऊ रक्कम टेबलावर ठेवली होती. तुम्ही नोटांना हात लावला नाही. बुकिंगची वही काढलीत, माझ्याकडे फिरवलीत, कानावरची पेन्सिल माझ्या हातात दिलीत. म्हणालात, "मी सांगतो म्हणून ऐकू नकोस पोरी. तूच बेरीज कर."

त्या पानाच्या कोपऱ्यावर चहाचा डाग होता. २२ नावं होती. मी बोटाने एकेक ओळ धरत बेरीज केली: १ लाख ५६ हजार रोपं. एकराला सहा हजार धरली तर २६ एकर, आणि हे एका नर्सरीचं एकच पान. तुम्ही पान उलटलंत, पुढचंही भरलेलं. मग एवढंच म्हणालात, "रोपं तयार व्हायला महिना, लागवडीपासून तोडा यायला दोन महिने. भाव आजचा आहे, माल ऑक्टोबरचा. आणि तिकडे दिल्लीत सरकार स्वतः ९० रुपये किलोने विकायला बसलंय."

मी तीन हजार रोपं घेतली, अर्ध्या एकराची. उरलेले पैसे तुम्ही मोजून माझ्याच पिशवीत ठेवलेत. गिऱ्हाईक दारात उभं असताना स्वतःच्या विक्रीवर पाणी सोडणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा गेला. नेपाळहून टोमॅटो आला. भाव कोसळला, सप्टेंबरात आपल्याच जिल्ह्यात लोकांनी कॅरेटच्या कॅरेट रस्त्यावर ओतली. माझ्या अर्ध्या एकराचा खर्च जेमतेम निघाला. दीड एकरात मका टाकला होता. कणसं भरली नाहीत, पण चारा झाला. ऑक्टोबरअखेर तालुका दुष्काळी जाहीर झाला, तेव्हा त्या चाऱ्यावर माझ्या दोन्ही गाई जगल्या. गावातल्या कितीतरी दावणी तेव्हा रिकाम्या झाल्या. माझी कपिला नंतर दोनदा व्याली.

सल्ला देणारे पुष्कळ भेटतात, काका. तुम्ही मला आकडे दिलेत आणि गप्प बसलात. बाईमाणसाला हिशेब कळतो, हे गृहीत धरलंत. नवरा गेल्यापासून माझ्याशी असं कोणी बोललं नव्हतं. आता मीही वही ठेवते. कोण काय लावतंय, किती लावतंय, विहिरीत किती हात पाणी आहे, सगळं लिहिते. गेल्या वर्षी जावेने आलं लावायचा विषय काढला, तर तिच्यापुढेही तीच वही सरकवली. तिने अर्धा तास बेरीज केली. काय ठरवलं ते मी विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात मिरचीच्या रोपांसाठी येतेय. तुमची पेन्सिल माझ्याकडेच राहिली आहे, ती आणते. वही बाहेर काढून ठेवा.

तुमची,
सिन्नर तालुक्यातली एक शेतकरीण