आशाताई, तुझ्या त्या एका प्रश्नासाठी

आशाताई,

तू माझ्या लेकीच्या वयाची, म्हणून 'तू'च म्हणते. समोर आलीस की चहापाण्यात बोलायचं राहून जातं. खानापूर तालुक्यातल्या इतर बायकांच्याही कानावर जावं, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मळणीचे दिवस होते. बीपी-शुगरचा तो कानडी कागद घेऊन तू ओसरीवर बसलीस. एकेक रकाना भरत 'मुट्टु', म्हणजे पाळी, या शब्दापाशी थांबलीस. हे गोठ्याकडे गेल्यावर हळूच मराठीत विचारलंस, "मावशी, पाळी गेल्यावर कधी अंगावरून लाल गेलं का?"

पाळी जाऊन सात वर्षं झाली होती. चार महिने मी पहाटे अंधारात परकर धूत होते, वर जुनं लुगडं टाकून वाळवत होते. रुपयाएवढा डाग, कधी नुसता तांबूस. एका डॉक्टरांनी न तपासताच रक्त थांबायच्या गोळ्या दिल्या होत्या. थांबलं, परत आलं. दुखत नव्हतं, म्हणून अंगावर काढलं. तुलाही 'नाही'च म्हणणार होते, पण तू पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत बसलीस.

"एक थेंब असला तरी तपासायचं, दुखायची वाट बघायची नाही. आधार कार्ड घ्या, बस फुकट आहे," म्हणालीस आणि सोमवारी बेळगावला स्वतः आलीस. डॉक्टरबाई कानडीत विचारत होत्या, तू मराठीत सांगत होतीस: रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, हार्मोनच्या घेतल्या का, स्तनाच्या कॅन्सरचं औषध कधी झालं का. मग रक्त गर्भपिशवीच्या तोंडाचं की आतलं, ते बघितलं. आतून सोनोग्राफी केली. पिशवीचं आतलं अस्तर ४ मिलिमीटरपर्यंत असलं तर कॅन्सरची शक्यता फार कमी. माझं ११ निघालं. बारीक नळीनं तुकडा घेतला तेव्हा पाळीसारखी कळ आली, दोन मिनिटं. माझी बोटं तुझ्या हातात रुतली होती.

बहुतेक जणींना आतली कातडी पातळ, कोरडी होऊन रक्त येतं, काहींना पॉलिप, म्हणजे मांसाचा छोटा कोंब, असतो, शंभरात नऊ-दहा जणींना कॅन्सर निघतो, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. आपण कुठल्या, ते तपासल्याशिवाय कळत नाही. माझी अस्तराची वाढ होती, कॅन्सर नव्हता. अंगातली चरबी इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन बनवते, त्याला आवरणारं दुसरं हार्मोन, प्रोजेस्टेरॉन, या वयात नसतं, म्हणून अस्तर वाढत जातं. ती वाढ तशीच सोडली असती तर पुढं काय झालं असतं, ते मी रात्री अंथरुणात किती वेळा मनात आणलं असेल!

आता गोळ्या चालू आहेत, सहा महिन्यांनी पुन्हा तुकडा तपासायचा आहे. ताई, नंदगडच्या माझ्या नणंदेलाही दोनदा डाग दिसलाय. परवा फोनवर रडत सांगितलं तिनं. सोमवारी तिला घेऊन स्टँडवर थांबते. तू येशील ना?

तुझी,
वरच्या गल्लीतली मावशी