ऊसतोड मजुरांची तक्रार मुकादमाला वगळून पोहोचावी

महोदय,

गाळप हंगाम सुरू झाला की सांगली जिल्ह्यातील वाळवा, पलूस, कडेगाव परिसरात ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) उभ्या राहतात. बीडकडील वंजारी व बंजारा, जत तालुक्यातील तांड्यांवरचे आणि कर्नाटकातील विजयपूर जिल्ह्यातून आलेले लमाण मजूर परक्या मुलखात, बऱ्याचदा परक्या भाषेत, हंगामाचे महिने काढतात. मजुरीचा हिशेब चुकला, खाड्याची (कामावर न आलेल्या दिवसाची) कपात वाजवीपेक्षा जास्त झाली किंवा उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) फिटली नाही म्हणून गावी जाऊ दिले नाही, तर त्यांना ठाऊक असलेला तक्रारीचा एकमेव मार्ग टोळी आणणाऱ्या मुकादमाकडे जातो. आणि उचल देणारा, खाडे मांडणारा व तोडणीवर कमिशन घेणारा तोच असल्यामुळे तक्रार तेथेच जिरते.

कायद्यात तरतुदी नाहीत असे मुळीच नाही. उचलीच्या बोजाखाली मजुराला काम सोडता येत नसेल, तर वेठबिगारी निर्मूलनाच्या १९७६ च्या कायद्यानुसार ते कर्ज फेडण्याचे दायित्वच संपते आणि त्याच्या सुटकेची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर येते. किमान वेतनाहून कमी मोबदल्यात करून घेतलेले काम सक्तीचे ठरते, हेही सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात १९८२ मध्येच स्पष्ट केले आहे.

जातीच्या प्रश्नातील गुंतागुंत मात्र या मजुरांना कोणी समजावून सांगत नाही. लमाण समाज कर्नाटकात अनुसूचित जातींत मोडतो, महाराष्ट्रात तोच विमुक्त जातींत. त्यामुळे सीमा ओलांडून आलेल्या मजुराला ‘येथे ॲट्रॉसिटी (अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांविरुद्धचा कायदा) लागत नाही’ असे सांगून वाटेला लावणे सोपे असते. वस्तुतः या कायद्याचे संरक्षण परराज्यातही कायम राहते, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३ मध्ये दिला आहे. अर्थात, मुकादम पुष्कळदा मजुराच्याच समाजाचा असतो आणि मग, तो कायदा या जाती-जमातींबाहेरच्या व्यक्तीने केलेल्या अत्याचारासाठीच असल्याने, त्याचा उपयोग होत नाही. वेठबिगारीच्या कायद्याला जात आडवी येत नाही, म्हणून माझ्या मते तोडणी मजुराच्या अधिक कामाचा तोच.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ मधील कलम १२ प्रमाणे महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि वेठबिगारीला बळी पडलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा मदत क्रमांकही आहे. पण पहाटे फडात उतरून अंधार पडल्यावर कोपीत परतणारा, मोडकीतोडकी मराठी बोलणारा माणूस सांगलीच्या विजयनगरमधील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयापर्यंत येणार कधी आणि आला तरी बोलणार कसे? त्यात एक दिवस गेला की आणखी एक खाडा.

म्हणून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने जत भागातील गोरमाटी (लमाणांची बोली) व कन्नड बोलणाऱ्या सुशिक्षित तरुण-तरुणींमधून विधी स्वयंसेवक नेमावेत आणि हंगामात संध्याकाळच्या वेळी त्यांना कोप्यांच्या तळावर पाठवावे, अशी विनंती आहे. वेठबिगारीवर लक्ष ठेवणाऱ्या जिल्हा दक्षता समितीवर अनुसूचित जाती-जमातींचे तीन सदस्य असावेत, असे १९७६ चा कायदाच सांगतो. या सदस्यांची नावे आणि कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक कारखान्यांनी आपल्या शेती गट कार्यालयांवर मराठी, कन्नड व हिंदीत लावावेत. यासाठी फारसा खर्चही नाही.

नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एकच जोडी, धरला जात असल्याने बाईच्या मजुरीची वेगळी नोंदच होत नाही. लैंगिक छळाची तक्रार २०१३ च्या कायद्याने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते, हे तर तळावर पोहोचलेलेच नाही. अशी तक्रार कोणतीही बाई पुरुष स्वयंसेवकापुढे मांडणार नाही, एवढे तरी नेमणुका करताना संबंधितांनी लक्षात घ्यावे.

आपला विश्वासू,
एक वकील, मिरज