लसीच्या दिवशी आईचंही बीपी मोजा

प्रति,
मा. संपादक,
स. न.

मी नागपुरात महाल भागात राहते. सत्तावीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढण्याचं आणि तपासण्याचं काम केलं, आता निवृत्त आहे. सकाळी सातला उपाशीपोटी येऊन बाकावर बसणाऱ्या गर्भार बाया रोज पाहिल्या. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड, लघवी या तपासण्यांची चिठ्ठी प्रत्येकीच्या हातात असायची. रक्तातली चरबी, म्हणजे लिपिड प्रोफाईल, त्या चिठ्ठीत जवळजवळ कधीच नसायचं. मलाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. भाचीच्या बाळंतपणानंतर वाटू लागलं, म्हणून हे पत्र.

तिचं सासर उमरेडचं. पहिली खेप. तिच्या वडिलांची बायपास झालेली, म्हणून अकराव्या आठवड्यात बाकीच्या तपासण्यांसोबत मी स्वतःहून तिचं लिपिड लावलं. रक्ताची नळी मशीनमध्ये फिरवली की लाल पेशी खाली बसतात आणि वर पिवळसर, नितळ सीरम राहतं. तिचं सीरम नितळ नव्हतं. उजेडात धरलं तर पाण्यात चमचाभर ताक पडल्यासारखं गढूळ दिसत होतं. ट्रायग्लिसराईड, म्हणजे रक्तातल्या चरबीचा एक प्रकार, 312 आलं. उपाशीपोटी ते 150 च्या आत हवं. रिपोर्ट तिच्या डॉक्टरांना दाखवला, तर उत्तर मिळालं, ‘गरोदरपणात हे वाढतंच, बाळ झाल्यावर बघू.’ मीही मान डोलावली आणि कागद फाईलमध्ये गेला.

‘वाढतंच’ हे खरं आहे, पण कधी वाढतं ते पाहायला हवं. बाळाच्या पोषणासाठी आईच्या रक्तातली चरबी दुसऱ्या तिमाहीपासून चढू लागते. शेवटच्या महिन्यांत ट्रायग्लिसराईड दुप्पट-तिप्पट होतं, कोलेस्टेरॉल 25 ते 50 टक्क्यांनी वाढतं. आठव्या महिन्यात एखादीचं 250 आलं म्हणून कुणी घाबरू नये. अकराव्या आठवड्यात मात्र ही चढण जेमतेम सुरू झालेली असते. तेव्हाचे 312 गरोदरपणाच्या माथी मारता येत नाहीत. ते बाईचे स्वतःचे, आधीपासूनचे असतात.

सुरुवातीच्या महिन्यांत ट्रायग्लिसराईड जास्त असलेल्या बायांना पुढे प्रीएक्लॅम्प्सिया जास्त प्रमाणात होतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. या आजारात विसाव्या आठवड्यानंतर बीपी 140/90 किंवा त्याच्या वर जातं आणि लघवीत प्रथिनं उतरतात, नाहीतर यकृत, मूत्रपिंड, डोकं यांपैकी कशावर तरी परिणाम दिसतो. चरबीमुळेच तो होतो असं सिद्ध झालेलं नाही. वजन, इन्सुलिनचा बिघाड, अनुवंश, रक्तवाहिन्यांचं नाजूक अस्तर या एकाच मुळातून दोन्ही येत असतील. पण काही रुग्णांत वारेला रक्त पुरवणाऱ्या गर्भाशयातल्या बारीक वाहिन्यांच्या भिंतीत चरबीने फुगलेल्या पेशी सापडतात. हृदयविकारात सुरुवातीला जे चित्र दिसतं, त्याच्याशी याचं साम्य आहे. म्हणून रिपोर्टमधल्या त्या आकड्याला निदान इशारा तरी मानायला हवं होतं, असं मला आता वाटतं.

तेहतिसाव्या आठवड्यात तिचं डोकं दोन दिवस ठणकत होतं. मे महिना, पारा पंचेचाळिसाच्या आसपास. सगळ्यांनी ‘ऊन लागलं’ म्हटलं. पन्हं दिलं, तळपायांना कांदा चोळला. बोटातली अंगठी निघेना, तरी कुणाला काही वाटलं नाही. नवव्या महिन्याकडे झुकलेल्या बाईला सूज यायचीच! तिसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले आणि उजव्या बरगडीखाली दुखू लागलं, तेव्हा तिला नेलं. बीपी 164/112, लघवीत प्रथिनं तीन प्लस.

झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट सुरू केलं. हे साधं, स्वस्त औषध आहे. 33 देशांतल्या दहा हजारांहून जास्त बायांवर झालेल्या आणि 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून अधिक घटला होता. तिला झटका आला नाही. सिझेरियन झालं, मुलगी 1 किलो 700 ग्रॅमची, सोळा दिवस काचेच्या पेटीत.

मागे वळून पाहिलं तर सगळे धागे हाताशी होते. पहिली खेप, वजन जास्त, तिच्या आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, बाळंतपणात बीपी चढलेलं आणि वर तो 312 चा कागद. धोका जास्त असलेल्या बायांना बाराव्या आठवड्याच्या सुमारास, सोळाव्याच्या आत, कमी मात्रेतली अ‍ॅस्पिरिन सुरू केली तर मुदतीआधी होणारा प्रीएक्लॅम्प्सिया बराच टळतो, हे 2017 च्या मोठ्या चाचणीत दिसलं. डॉक्टरांना न विचारता ही गोळी कुणी घेऊ नये. पण ‘माझ्या आईला बीपी होतं, मला ही गोळी लागेल का?’ एवढं पहिल्याच भेटीत विचारायला काहीच हरकत नाही. आम्ही विचारलं नाही.

एक गोष्ट स्वयंपाकघरातली. रिपोर्टमध्ये ‘चरबी’ दिसली की घरात आधी तूप बंद होतं. तिचंही झालं. ‘दोन जिवांची आहेस, खा’ म्हणत मैद्याची बिस्किटं, संत्रा बर्फी, बाटलीबंद आंब्याचा रस मात्र चालूच राहिला. ट्रायग्लिसराईड साखरेने आणि मैद्यानेही चढतं, हे लॅबमध्ये आम्ही रोज पाहायचो. पोटात बाळ असताना वजन उतरवायचे उपास करू नयेत आणि चरबीची गोळी मनाने घेऊ नये. गोड पेय आणि बेकरीचे डबे मात्र कमी करता येतात.

आता माझं मुख्य म्हणणं. प्रसूतीनंतर बीपी बहुधा तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सर्वांत जास्त चढतं. तिच्या बाबतीत तेच झालं. त्या दिवसांत आम्ही सगळे बाळाच्या पेटीजवळ उभे होतो. पाचव्या दिवशी सहज म्हणून माझ्या जुन्या यंत्रावर मोजलं, तर 158/104. सुट्टी होताना मिळालेल्या कागदावर बाळाच्या लसींच्या तारखा छापलेल्या होत्या, आईच्या नावापुढे फक्त टाके काढायचा दिवस. प्रीएक्लॅम्प्सिया होऊन गेलेल्या बाईला पुढे कायमचं बीपी जडण्याचा धोका इतरांच्या तीन-चार पट आणि हृदयविकाराचा, पक्षाघाताचा साधारण दुप्पट असतो. वार पडली की आजार संपला, असं समजून आपण तिला घरी पाठवतो.

बाळाची लस आपल्याकडे सहसा कुणी चुकवत नाही. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात आई त्याला घेऊन केंद्रावर येतेच. मग त्याच खुर्चीवर पाच मिनिटं शांत बसवून, पाठ टेकवून तिचं बीपी का मोजू नये? आणि बाळंतपणात बीपी चढलेलं असेल तर चौदाव्या आठवड्याला उपाशीपोटी लिपिड आणि साखर का तपासू नये? गरोदरपणात चढलेली चरबी तोवर बहुतेक उतरलेली असते, त्यामुळे जे उरेल ते बाईचं खरं. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानामुळे 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला गर्भवतींची तपासणी होते, ही चांगलीच गोष्ट आहे. बाळंतिणींसाठी अशी ठरलेली तारीख नाही. महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागांनी लसीच्या कार्डावरच आईच्या बीपीसाठी एक रकाना छापावा, एवढीच माझी मागणी आहे. यंत्र केंद्रावर असतं, परिचारिका असते, आई समोर बसलेली असते.

चौदाव्या आठवड्याच्या लसीला मी भाचीसोबत गेले. मुलगी आता गुटगुटीत झाली आहे, सुई टोचताच तिने सगळं केंद्र डोक्यावर घेतलं. तिला मांडीवर घेऊन मी आईचं बीपी मोजायला सांगितलं. 146/94 भरलं. ट्रायग्लिसराईड उतरून 218 वर आलं आहे, बीपीची गोळी सुरू आहे. पुढची तारीख बाळाच्या गोवर-रुबेलाची, नऊ महिने पूर्ण झाल्यावरची. त्याच कार्डावर खाली मी पेनाने तिचं नाव आणि ‘बीपी, लिपिड’ असं लिहून ठेवलं आहे.

आपली,
एक निवृत्त लॅब तंत्रज्ञ,
महाल, नागपूर