उताऱ्यातला पुरावा कशाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी मुलगी शाळेच्या प्रवेशपरीक्षेसाठी उताऱ्यांचा सराव करते आहे. परवा एक उत्तर चुकलं तेव्हा ती रडवेली होऊन म्हणाली, "आई, पण हे खरं आहे ना!" खरं होतंच. तरीही उत्तर चूक होतं.

उतारा स्कर्व्ही या हिरड्यांतून रक्त येणाऱ्या आजारावरचा. १७४७ साली जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने १२ आजारी खलाशांच्या सहा जोड्या केल्या. जेवण सगळ्यांना एकच, उपाय मात्र वेगवेगळे: सायडर, व्हिनेगर, पातळ केलेलं गंधकाम्ल, समुद्राचं पाणी वगैरे. एका जोडीला संत्री आणि लिंबू. सहा दिवसांत त्यातला एक कामावर रुजू झाला, दुसरा इतर आजाऱ्यांची शुश्रूषा करू लागला. प्रश्न होता, यावरून काय म्हणता येईल? मुलीने 'क जीवनसत्त्वाच्या अभावाने स्कर्व्ही होतो' यावर खूण केली. पुस्तकात शिकलेलं, म्हणून. पण क जीवनसत्त्व ओळखलं गेलं ते विसाव्या शतकात. उताऱ्यात त्याचा मागमूसही नाही.

मग आम्ही दोघी एकेक पर्याय तपासत बसलो. 'आंबट पदार्थाने हा आजार बरा होतो.' ती थांबली, पुन्हा वाचलं, आणि म्हणाली, "व्हिनेगर आंबटच की! ते घेणारे कुठे बरे झाले?" हा क्षण मला फार मोलाचा वाटला. पुढे तिनेच विचारलं, फक्त दोन माणसांवरून 'प्रत्येक रुग्ण बरा होतो' असं कसं म्हणायचं?

क्लासमध्ये मात्र शिकवतात, 'आधी प्रश्न वाचा, मग त्यातला शब्द उताऱ्यात शोधा.' वेळ वाचतो, मान्य. पण चुकीच्या पर्यायांत उताऱ्यातलेच शब्द मुद्दाम पेरलेले असतात, आणि मुलं नेमकी तिथे फसतात. सराव-पुस्तकांच्या उत्तरसूचीतही नुसतं 'क' किंवा 'ड' छापलेलं असतं. बाकीचे तीन का नाहीत, याबद्दल अवाक्षर नाही. माझ्या मते शिकण्यासारखं सगळं त्या तिनांतच असतं.

प्रकाशकांनी प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे एक ओळ कारण द्यावं. शिक्षकांनी उत्तर ऐकल्यावर 'कुठल्या वाक्यावरून?' एवढं विचारावं, आणि मुलाने त्या वाक्यावर बोट ठेवेपर्यंत थांबावं. आपणही असा एखादा उतारा, चारही पर्यायांच्या कारणांसह, दर आठवड्याला छापावा, ही विनंती.

आपली नम्र,
एका परीक्षार्थीची आई